नाटकाच्या टीमसाठी फुकट चॅट : झुलिप चालू, मंबल अर्धं चालू

स्टेटस आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. बॅकस्टेज टीमचं चॅट आता झुलिपवर (टीमसाठीचं चॅट ॲप, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येणारं) आलंय, घरातल्या सेकंडहँड मिनी पीसीवर, डेबियन १२ (लिनक्स) टाकून. प्रयोग चालू असतानाच्या बोलण्यासाठी मंबल (आवाजी गप्पांचं ॲप) रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर बसवलंय, ते तालमीत चालतंय पण आयफोनवाल्यांचं गाडं अजून अडलेलं आहे. कलाकार मंडळी व्हॉट्सॲपवरच आहेत आणि तिथेच राहणार, त्यांना हलवायच्या भानगडीत मी पडणार नाहीये.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप, सगळे नोकरी सांभाळून करणारे, आणि माझ्याकडे लाइट आणि 'कॉम्प्युटरचं काहीही' हे खातं. अडचण अशी की नेपथ्य, लाइट, म्युझिक, कपडेपट, प्रॉपर्टी सगळ्याची चर्चा एकाच ग्रुपमध्ये एकाखाली एक पडत जाते, म्हणजे खिडकीची फ्रेम कोण आणणार हा प्रश्न वर, मग तीन वाढदिवस, मग दुसऱ्या अंकाच्या म्युझिकची फाइल, आणि फ्रेमचं उत्तर त्याच्याही खाली कुठेतरी, तेही नुसतं 'हो मी' असं, आता हे 'हो मी' नक्की कशाला ते ज्याचं त्याला ठाऊक.

टूल निवडताना मी फीचरच्या याद्या बघणं सोडून दिलं. फुकट प्लॅन कुठे संपतो एवढंच बघायचं, कारण संपतो प्रत्येकाचाच, फक्त जागा वेगळी. आम्हाला गेल्या नाटकाचा लाइट प्लॉट (कुठला लाइट कुठे याचा आराखडा) पुढच्या नाटकाला लागतो, म्हणजे जुनं सापडायला हवं ही पहिली अट. इथेच स्लॅक बाद झालं. फुकट प्लॅनला गेल्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात, आणि २०२४ च्या ऑगस्टपासून वर्षाच्या वरचा डेटा ते काढूनच टाकतात. रोज भेटणाऱ्या ऑफिसच्या टीमला ते चालून जाईल, पण आमचं एक नाटक बसायलाच ९० दिवसांपेक्षा जास्त लागतात राव.

डिस्कॉर्ड मला मनापासून आवडतं, हिस्टरी पूर्ण राहते, व्हॉइस चॅनल तर फारच भारी. पण फुकट खात्याला फाइलची मर्यादा १० एमबी आहे (आधी २५ होती, २०२४ मध्ये कमी केली) आणि आमच्या म्युझिकवाल्याच्या वेव्ह फाइली त्यात कशा मावणार? शिवाय आमच्या नेपथ्यकारांचं वय साठीच्या पुढे, ती काळी स्क्रीन आणि सर्व्हर-चॅनल-थ्रेडची उतरंड बघून ते म्हणाले, 'अरे मला फोनच करत जा.' टेलिग्रामला फाइल २ जीबीपर्यंत जाते, ग्रुपमध्ये टॉपिकही करता येतात, फक्त नेहमीच्या ग्रुप चॅटला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मेसेज फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येणं) नसतं हे माहीत असू द्या. सिग्नल खासगी गप्पांसाठी मी स्वतः वापरतो, पण मध्येच टीममध्ये आलेल्या माणसाला आधीचं काही दिसत नाही, आणि आमच्याकडे लोक मध्येच येतात आणि मध्येच जातात.

मॅट्रिक्सबद्दल (चॅटचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच, कुणीही स्वतःचा सर्व्हर चालवू शकतो) मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. त्याचा सिनॅप्स नावाचा सर्व्हर टाकून बघितला, चाललाही. पण नवीन फोन घेतला की डिव्हाइस व्हेरिफाय करा, रिकव्हरी की जपून ठेवा, हे सगळं नाटकवाल्यांना समजावत बसायला मला जमणार नाही. आणि दुसरं म्हणजे २०२३ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरचं कारण देऊन १४ मेसेजिंग ॲप ब्लॉक केली त्यात मॅट्रिक्सचं मुख्य ॲप एलिमेंटही होतं. प्रोटोकॉल एक आणि ॲप अनेक असल्यामुळे फ्लफीचॅटसारखं दुसरं ॲप घेऊन काम भागतं, पण 'हे ॲप बॅन झालंय ना?' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक नवीन माणसाला देत बसायचं का? एक्सएमपीपी हा चॅटचा जुना खुला प्रोटोकॉल तर अजूनच हलका, त्याचा प्रोसडी सर्व्हर जुन्या रास्पबेरी पायवरही आरामात पळतो (गंमत म्हणजे व्हॉट्सॲपची सुरुवातही एक्सएमपीपीवरच झाली होती, बदल करून घेतलेल्या), पण विषय वेगळे ठेवायची आमची मूळ अडचण त्याने सुटत नाही.

ती सुटली झुलिपने. त्यात चॅनल आणि चॅनलच्या आत टॉपिक, आणि टॉपिक दिल्याशिवाय मेसेज टाकायचाच नाही असं सेट करता येतं. म्हणजे 'नेपथ्य' चॅनलमध्ये 'खिडकीची फ्रेम' हा टॉपिक, त्यातलं बोलणं त्यातच. काम झालं की टॉपिकवर बरोबरची खूण करून तो मिटवायचा. कुणी भलतीकडे लिहिलंच तर मेसेज उचलून दुसऱ्या टॉपिकमध्ये हलवता येतो, हे मी पहिल्या आठवड्यात सतत करत होतो, आता लोकांना आपोआप जमतंय. आमचा साउंडवाला फक्त रविवारी बघतो, पण आठवडाभराचं सगळं न वाचता स्वतःचे टॉपिक उघडून पाच मिनिटांत मोकळा होतो.

झुलिपच्या स्वतःच्या क्लाउडवरही फुकट प्लॅन आहे, त्यात शेवटचे १०,००० मेसेज सर्चमध्ये येतात आणि ५ जीबी जागा मिळते. खरं तर छोट्या टीमने तेच घ्यावं, मी घरी बसवलं कारण मला बसवायचं होतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको! स्वतः होस्ट केलं की मेसेजची मर्यादा जाते, पण एक ग्यानबाची मेख आहे ती म्हणजे मोबाइल नोटिफिकेशन. ॲपल आणि गूगल पुश नोटिफिकेशन फक्त ॲप बनवणाऱ्याच्या किल्लीवरच स्वीकारतात, म्हणजे तुमचा सर्व्हर कितीही तुमचा असला तरी नोटिफिकेशन झुलिपच्या सर्व्हिसमधूनच जाणार, आणि ती १० जणांपर्यंत फुकट आहे. बॅकस्टेजचे आम्ही त्याच्या आत बसतो. जास्त असाल तर ना-नफा संस्था आणि हौशी गटांसाठी त्यांची वेगळी सोय आहे, अर्ज करावा लागतो.

घरच्या लाइनवर सीजीनॅट, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता (पब्लिक आयपीव्हीफोर) नाहीच, तेव्हा बाहेरून यायला क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल, म्हणजे त्यांच्या सर्व्हरमार्गे घरापर्यंतची वाट लावली. झुलिप वेबवरच चालत असल्याने टनेलमधून नीट जातं, फक्त झुलिपच्या कॉन्फिगमध्ये लोडबॅलन्सरचा (इथे टनेलचा) आयपी द्यायला विसरू नका. वीज गेली तर राउटरला मिनी यूपीएस आहे, पीसीला नाही, पण गुरुवारी दुपारी तासभर चॅट बंद राहिल्याने कुणाचं काही अडत नाही.

मराठी सर्चचं मात्र नीट बघा. झुलिपचा डिफॉल्ट सर्च इंग्रजी शब्द डोळ्यासमोर ठेवून केलाय, 'खिडकी' शोधलं तर 'खिडकीची', 'खिडकीला' हाती लागेलच असं नाही, आणि आपल्याकडे प्रत्ययाशिवाय शब्द असतो कुठे. पोस्टग्रेसचं (झुलिपच्या डेटाबेसचं) पीग्रूंगा नावाचं एक्स्टेंशन झुलिपला जोडता येतं, इंग्रजी सोडून इतर भाषांसाठी तेच सुचवतात. ते टाकल्यावर बराच फरक पडला. 'तालीम' आणि 'तालमीला' यांची गाठ तरीही पडत नाही, तिथे माणसानेच 'ताल' एवढंच टाइप करायचं. बॅकअपला झुलिपची स्वतःची कमांड आहे, डेटाबेस, सेटिंग, अपलोड सगळं एका टार फाइलमध्ये येतं, रिस्टोअर करताना झुलिपचं व्हर्जन तेच लागतं.

आता मंबल. हे खरं माझं आवडतं प्रकरण. प्रयोगात क्यू (कधी काय करायचं त्याचा इशारा) द्यायला विंगेतून लाइटच्या बूथपर्यंत बोलावं लागतं, टॉकबॅकचे (बॅकस्टेजला आपसात बोलायच्या हेडफोन-माइकचे) सेट भाड्याने घ्यायचे तर आमच्या बजेटमध्ये बसत नाहीत, आणि फोन कॉल नाट्यगृहाच्या आत कधी लागतो कधी नाही. म्हणून आपलाच राउटर, आपलाच रास्पबेरी पाय, इंटरनेट नकोच. मंबल २००५ पासून आहे, गेमिंगवाल्यांसाठी बनलेलं, आवाजाला लागणारा उशीर अगदी कमी हेच त्याचं वैशिष्ट्य. ओपस कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत), पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायचे दोन प्रकार) दोन्ही. (हे वरच्या टनेलमधून थेट जात नाही, पण इथे गरजही नाही.) लाइट, साउंड, विंग अशी तीन चॅनल केली आणि प्रयोग चालवणारा लॅपटॉपवर बसतो, त्याला 'शाउट'ची (ठरावीक चॅनललाच बोलायची) वेगवेगळी बटणं दिलीत, एक दाबलं की फक्त लाइटला ऐकू जातं, दुसरं दाबलं की सगळ्यांना.

काही गोष्टी तालमीत कळल्या. ब्लूटूथ इयरफोन अजिबात नको, 'गो' उशिरा ऐकू येतं आणि माइक चालू झाला की आवाजाची वाट लागते, साधा वायरवाला घ्या. राउटर ५ गीगाहर्ट्झवर ठेवा, कारण नाट्यगृह भरलं की प्रत्येक खिशात एक फोन असणार आणि २.४ वर नुसती गर्दी. आवाज आला की आपोआप माइक चालू व्हायचा मोड स्पीकरजवळ कुचकामी आहे, सगळं पार्श्वसंगीत सगळ्यांच्या कानात. पुश-टू-टॉकच (बटण दाबलं तरच माइक चालू) हवं. अँड्रॉइडवर मंबलसाठीच्या मम्ला ॲपमध्ये त्यासाठी व्हॉल्यूमचं बटण नेमता येतं, म्हणजे अंधारात स्क्रीनकडे बघायला नको.

आयफोनवर अडलंय ते इथेच. स्क्रीनवरचं बटण दाबून धरायचं तर विंगेत फोनचा उजेड पडतो, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला तो दिसतो. सध्या आयफोनवाल्या दोघांना घरातले जुने अँड्रॉइड फोन दिलेत, सिमशिवाय, नुसत्या वायफायवर. आयफोनला वायरच्या हेडसेटवरच्या बटणाने मंबलचं पुश-टू-टॉक कुणी जमवलंय का? असेल तर कुठला हेडसेट आणि कुठलं ॲप तेवढं सांगा, रंगीत तालमीच्या आधी बसवून टाकतो.