अडॅप्टरची जाडी आणि हरवलेलं इन्फिनिटी

जुनी मॅन्युअल लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसवायची म्हटलं की सगळा हिशेब एका अंतराचा असतो: माउंटच्या (बॉडीवर लेन्स बसते त्या कडीच्या) बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं. निकॉन एफला ते ४६.५ मिमी, एम४२ स्क्रू माउंटला ४५.४६, मिनोल्टा एमडीला ४३.५, कॅनन एफडीला ४२. सोनी ई बॉडीत हेच अंतर १८, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २०. लेन्सच्या आकड्यातून बॉडीचा आकडा वजा केला की अडॅप्टरची (दोघांमधल्या जोडकडीची) जाडी मिळते. एम४२ लेन्स सोनीवर लावायला २७.४६ मिमीची पोकळ नळी पुरते, आत काच लागत नाही.

वजाबाकी उणे आली तर मात्र गाडी अडते. एम४२ लेन्स निकॉनच्या एफ माउंटच्या डीएसएलआरवर लावली तर ती १.०४ मिमी लांबच राहते. ५० मिमी लेन्सच्या फोकल लेंग्थचा (लेन्सवर छापलेल्या मिमीच्या आकड्याचा) वर्ग २५००, त्याला १.०४ ने भागा. जास्तीत जास्त २.४ मीटरपर्यंत फोकस मिळेल, त्यापलीकडचं सगळं धूसर. यावर काच घातलेले अडॅप्टर मिळतात, पण ती काच पूर्ण उघड्या अॅपर्चरला (लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राला) चित्र मऊ करते. चांगल्या लेन्सच्या पाठीमागे स्वस्त काच लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाच भागाकार पुढेही कामाला येतो. बरेच स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड केलेले असतात, म्हणजे इन्फिनिटी (अगदी दूरवरचा फोकस) नक्की सापडतं. ०.१ मिमीने आखूड असेल तर ५० मिमी लेन्सवर दूरचा डोंगर फोकस रिंगवरच्या २५ मीटरच्या खुणेवर स्पष्ट होतो, आणि २४ मिमी लेन्सवर पावणेसहा मीटरच्या खुणेवर. ५० मिमीला हे चालून जातं. वाइड लेन्समध्ये फ्लोटिंग एलिमेंट (फोकसनुसार आपसातलं अंतर बदलणाऱ्या काचा) असतील तर नाही चालत: लेन्स आतल्या भागांची रचना जवळच्या वस्तूसाठी करते आणि आपण दूरचं टिपतो, त्यामुळे कोपरे बिघडतात. दोष लेन्सला लागतो, चूक अडॅप्टरची असते.

तपासणी सोपी आहे. अॅपर्चर पूर्ण उघडा, किलोमीटरभर दूरची ठळक कड धरा, स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि रिंग शेवटपर्यंत फिरवा. कड सर्वांत स्पष्ट होऊन पुन्हा धूसर झाली तर अडॅप्टर आखूड आहे. रिंग अडेपर्यंत कड सुधारतच राहिली आणि पूर्ण स्पष्ट झालीच नाही, तर तो लांब आहे; असा अडॅप्टर सरळ परत करा. आखूड असेल तर ज्या खुणेवर कड स्पष्ट झाली ती वाचा. ५० मिमी लेन्स १० मीटरवर स्पष्ट झाली तर २५०० भागिले १०,०००, म्हणजे ०.२५ मिमी कमी आहे. माउंटची रिंग धरणारे स्क्रू काढा, तेवढ्या जाडीची पितळी शिम (पातळ पट्टी) सगळीकडे सारखी बसवा, आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर बैठक तिरकी होते आणि फ्रेमची एक बाजू कायम मऊ येते.

एम४२ मध्ये आणखी एक चूक नेहमी दिसते. खुणा वरच्या बाजूला याव्यात म्हणून लेन्स पाव फेरा सैल ठेवतात. आट्याचा पिच (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) १ मिमी आहे, म्हणजे पाव फेरा म्हणजे ०.२५ मिमी, आणि ५० मिमी लेन्सचं इन्फिनिटी गेलं. लेन्स पूर्ण आवळा. खूण सरळ करायची असेल तर आतली रिंग धरणारे बारीक स्क्रू (सगळ्या अडॅप्टरमध्ये नसतात) सैल करून रिंग फिरवा.

एम४२ लेन्सला ए/एम (अॅपर्चर आपोआप की हाताने) स्विच नसेल तर अॅपर्चर बंद करणारी मागची पिन दाबून धरणारी कड असलेला अडॅप्टरच घ्या, नाहीतर अॅपर्चर उघडंच राहतं. एफडीच्या अडॅप्टरवरची रिंग ‘ओपन’वर राहिली तरी हेच होतं.

फोटोत कॉन्ट्रास्ट उतरलेला दिसला तर लेन्सला बुरशी लागली असं समजण्याआधी अडॅप्टरच्या आत बघा. अडॅप्टर लावलेली लेन्स खिडकीकडे धरून मागून पाहिलं की चकाकणारी कडी दिसते. तिथे काळा मखमली कागद चिकटवा. माउंटच्या बैठकीवर त्याचा कण जाता कामा नये.

बॉडीत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा आणि मोड अॅपर्चर प्रायॉरिटी ठेवा. फोकस पीकिंगवर (स्पष्ट कडा रंगाने दाखवणाऱ्या सोयीवर) फार विसंबू नका, एफ/१.४ सारख्या मोठ्या अॅपर्चरला ते हमखास फसवतं. चित्र मोठं करूनच फोकस करा. काही वेगवान (मोठ्या अॅपर्चरच्या) लेन्समध्ये अॅपर्चर बंद करताना फोकस सरकतो, म्हणून ज्या अॅपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करा. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला (हाताचा हेलकावा सेन्सर हलवून भरून काढणाऱ्या सोयीला) लेन्सवर छापलेली फोकल लेंग्थ द्या, क्रॉपने (लहान सेन्सरच्या गुणकाने) गुणलेली नाही. ५० च्या जागी ७५ भरलं तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि स्थिर हातातला फोटोही हललेला येतो. लेन्स बदलली की हा आकडा दर वेळी हातानेच बदलावा लागतो.