मोरीतून वर आलेला चिखल

पहाटेचे साडेचार वाजले होते. पुण्यात पेठेतल्या एका गल्लीत रस्ता न फोडता गॅसलाईन टाकायचं काम चालू होतं, 125 मिलिमीटरचा एमडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकचा पाईप. ड्रिलच्या टोकातला ट्रान्समीटर खोली आणि कल सांगतो. वरून लोकेटर धरून चालायचं आणि मशीनवाल्याला आकडे कळवायचे, हे माझं काम. 22 केव्हीची केबल आणि पाण्याची लाईन आडवी जाते तिथे आम्ही हाताने खड्डे घेऊन दोन्ही डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यामुळे मी निर्धास्त होतो.

सातव्या रॉडला, म्हणजे 21 मीटरवर, रिटर्न तुटला. आत सोडलेलं बेंटोनाइट, म्हणजे चिकणमातीचं पातळ मिश्रण, खोदलेली माती घेऊन सुरुवातीच्या खड्ड्यात परत यायला हवं. पंप चालू, खड्ड्यातली पातळी मात्र जिथल्या तिथे.

"भराव असेल साहेब, पितोय," ऑपरेटर म्हणाला. मलाही पटलं. आणखी एक रॉड आत गेला. तो रॉड मला अजून सलतो.

तेवढ्यात समोरच्या वाड्यातल्या काकू बादली घेऊन आल्या. "अहो दादा, आमच्या मोरीतून हे काय वर येतंय?"

राखाडी, पिठल्याइतकं दाट. बोटांत चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत. मी पंप बंद करायला ओरडलो.

हाताने खोदलं. 1.7 मीटरवर वाड्याची चिनी मातीची जुनी ड्रेनेज लाईन, दोन्ही अंगांना भोक आणि मधून आमचा रॉड आरपार. लोकेटरला ती कळणारच नव्हती. ना धातू, ना करंट. आम्हाला मिळालेल्या नकाशात घरांचे ड्रेनेजचे जोड नव्हते. पण अंगणात चेंबर होतं, आणि त्याच्या झाकणावरून मी त्या रात्री तीनदा गेलो होतो.

चिखल वर आला नसता तर आम्ही रीमरने भोक मोठं करून, त्या लाईनमधूनच गॅसचा पाईप ओढून मोकळे झालो असतो. पुढे कधीतरी लाईन तुंबली असती, कुणीतरी तुंबा काढायला कटर घातला असता, त्याने आमचा पाईप कापला असता आणि 4 बारपर्यंतच्या दाबाचा गॅस मोरीवाटे घरात शिरला असता. काकूंना हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

त्यांची लाईन त्याच दिवशी बदलली. प्रत्येक घराचं चेंबर उघडून खोली मोजली, मग नवा बोअर 2.6 मीटरवरून घेतला आणि गॅस सोडण्याआधी सगळ्या जोडांत कॅमेरा घातला.

आदल्या महिन्यात अशाच तीन गल्ल्या आम्ही पूर्ण केल्या होत्या. तिथेही कॅमेरा घाला, असं मी त्याच आठवड्यात लेखी दिलं. दोन गल्ल्या झाल्या, दोन्ही साफ निघाल्या. तिसरी उद्या.