सागाला उभा, धानाला आडवा

फोटो काढताना शटर उघडं असतानाच कॅमेरा मुद्दाम हलवायचा आणि चित्र विरू द्यायचं, एवढंच हे तंत्र. पण कसाही हलवून चालत नाही. हात कुठे न्यायचा ते झाडच सांगतं, यावर माझा आता पक्का विश्वास बसलाय.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडे सागाची रोपवनं आहेत. फाल्गुनात पानं झडलेली, खोडं सरळसोट, ओळीने उभी. तिथे कॅमेरा खालून वर न्यायचा. शटर पाव सेकंद उघडं, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००. हात आधीच चालता ठेवायचा, चालत्या हातानेच बटण दाबायचं आणि शटर मिटेपर्यंत थांबायचं नाही. जमलं तर साल, गाठी, वाळवीची माती सगळं विरतं. राखाडी-तपकिरी उभे पट्टे उरतात आणि त्यांच्यामधून उजेडाच्या चिरा.

उन्हाळी धानाच्या बांध्यांत (खाचरांत) सगळंच आडवं: हिरवं, मग धुऱ्याची (बांधाची) वाळली माती, मग आभाळ. तिथे कमरेतून वळायचं.

खरा कस लागतो पळसापाशी. खोड वाकडं, फांद्या नागमोडी. सरळ ओढलं की नुसता केशरी चिखल. म्हणून अर्धा सेकंद घेते. निम्मा वेळ हात स्थिर, मग फांदी जिकडे वळली तिकडे जरासा झोल. फुलांचे घोस ओळखू येतात, देठाजवळचा काळा मखमली भागही पुसटसा राहतो, आणि रंग फांदीच्या वाटेने वाहत जातो.

परवा एक गुराखी दादा थांबले. "काय काढून रायल्या मॅडम? पाखरू त दिसत नाही." मी स्क्रीन दाखवली. बघत राहिले, मग म्हणाले, "पळस आहे ना हा." फार बरं वाटलं. चित्र कितीही विरू दे, आपल्या माणसाला त्यात आपलं झाड सापडलं पाहिजे.

भर उन्हात मात्र एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान केलं तरी, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतं. पाव सेकंदापर्यंत उतरायला पाच स्टॉपचा, म्हणजे उजेड पाच वेळा निम्मा करणारा, एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची काळसर काच) लागतो. शिवाय इतक्या लहान छिद्राला सेन्सरवरची धूळ उघडी पडते: बाकी सगळं वाहतं, ते काळे ठिपके जागचे हलत नाहीत. मळणीच्या दिवसांत शेतात लेन्स बदलूच नका.

मोबाइलवर करायचं तर प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात खाली आणि शटर पाव सेकंद ठेवा. बहुतेक मोबाइलचं छिद्र लहान करता येत नाही, म्हणून दिवस बुडाल्यावरच निघा.