खाडीतला रोहित: फोटोतून वेक्टरमध्ये

ऐरोलीच्या खाडीवर काढलेला फ्लेमिंगोचा, म्हणजे रोहित पक्ष्याचा फोटो आणि गाडीवर लावायचं त्याचं रेडियम, या दोहोंच्या मध्ये जे काम असतं ते म्हणजे वेक्टर. फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो, मोठा केला की फाटतो. वेक्टर बिंदू आणि वक्ररेषांनी बनतं, त्यामुळे नखाएवढं छापा नाहीतर वीस फुटी फ्लेक्सवर छापा, कड स्वच्छ राहते. रेडियम कापणाऱ्या प्लॉटरला तर रेषाच लागते, ठिपके त्याला कळत नाहीत.

नवशिक्यांना हा पक्षी मुद्दाम सुचवतोय. रंग मोजकेच: गुलाबी, गडद गुलाबी, काळा, पांढरा. बाह्याकृती अशी की नुसत्या सावलीवरूनही ओळखू येते. सॉफ्टवेअर इंकस्केप घ्या, ते मोफत आहे.

सगळ्यात जास्त वेळ फोटो निवडण्यात घालवा. काठावरून पूर्ण झूम करून मोबाइलवर टिपलेला पक्षी स्क्रीनवर बरा दिसतो, पण त्याला कडच नसते. पिसं आणि पाणी एकमेकांत विरघळलेली असतात आणि मग रेषा कुठून न्यायची हे आपल्यालाच ठरवता येत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट निघते, तिच्यातून जवळचे फोटो मिळतात. एकच पक्षी, बाजूने दिसणारा, मान मोकळी, मागे सपाट पाणी किंवा आकाश असा फोटो घ्या. एकट्या पक्ष्याची उंची निदान हजार पिक्सेल (म्हणजे ठिपके) भरली पाहिजे. दुसऱ्याने काढलेला फोटो असेल तर आधी त्याची परवानगी घ्या.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. एरवी तो दाबून लहान केला जातो. जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत फोटो दाबतं आणि जास्त दाबलं की ते चौकोन उघडे पडतात. ट्रेस करताना, म्हणजे फोटोवरून रेषा काढताना, सॉफ्टवेअर त्यांनाच आकार समजतं आणि पक्ष्याभोवती चुऱ्यासारखे शेकडो तुकडे पडतात.

आता फोटोचं आपोआप वेक्टर करून देणाऱ्या, 'पाथ' मेनूतल्या 'ट्रेस बिटमॅप'बद्दल, कारण प्रत्येक जण आधी तिकडेच जातो. तिथे 'मल्टिपल स्कॅन्स' निवडलं की साधारण ८ रंगांचं चित्र तयार होतं आणि नवशिक्या हरखतो. 'व्ह्यू'मधून आउटलाइन चालू करून तेच चित्र बघा. बिंदूंची संख्या हजारांच्या घरात असते, पाण्यातली प्रत्येक लहर वेगळा आकार झालेली असते आणि चोचीची कड कापल्यासारखी दातेरी दिसते. यंत्र उजेड मोजतं, चोच आणि पाणी यातला फरक त्याला माहीत नाही. कंट्रोल + एल दाबून बिंदू कमी होतात खरे, पण लागोपाठ दाबलं तर प्रत्येक वेळी आणखी जोरात कमी होतात आणि मान मेणासारखी वितळते. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे ट्रेस झालेलं चित्र मूळ फोटोच्या बरोब्बर वर बसतं, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटून लोक पुन्हा पुन्हा 'अप्लाय' दाबतात. वरचं चित्र बाजूला ओढून पाहा. शाईने काढलेलं काळं-पांढरं चित्र किंवा सही स्कॅन केली असेल तर मात्र हे साधन उत्तम. तिथे 'ब्राइटनेस कटऑफ' ०.४५ पासून वरखाली करा आणि 'स्पेकल्स' २० ते ३० पर्यंत वाढवा, म्हणजे धुळीचे ठिपके गळतात.

पक्षी मात्र हातानेच काढायचा. हात आणि डोळा त्यानेच तयार होतो, हे माझं ठाम मत.

नवीन फाइल मिलिमीटरमध्ये उघडा. फोटो आत आणताना 'एम्बेड' निवडा. 'लिंक' ठेवलंत आणि पुढे फोटोचा फोल्डर हलवलात तर फोटो दिसेनासा होईल. फोटोची अपारदर्शकता ५० टक्क्यांवर आणा, त्याचा लेयर कुलूपबंद करा आणि वर नवा लेयर घ्या. रेषा निळी ठेवा आणि आत रंग भरू नका. गुलाबीवर गुलाबी रेषा दिसत नाही आणि रंग भरला की खालचा फोटोच झाकला जातो.

'बी' दाबून पेन घ्या. नुसतं क्लिक केलं तर टोकदार बिंदू पडतो, क्लिक करून ओढलं तर गोलाईचा. बिंदू कुठे टाकायचा हाच खरा प्रश्न. वळण जिथे सर्वांत वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोहोचतं तिथे, आणि जिथे ते उलट दिशेला फिरतं तिथे. इंग्रजी एससारख्या मानेच्या एका बाजूला पाच-सहा बिंदू पुरतात. पंधरा टाकलेत तर मान गाठाळ दिसणारच, कारण प्रत्येक बिंदूपाशी दिशा थोडी चुकते. ओढताना बिंदूला फुटणारी दांडी पुढच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश ठेवा. चुकलं तर 'एन' दाबून बिंदू हलवा. निवडलेला बिंदू शिफ्ट + एसने गोल होतो, शिफ्ट + सीने टोकदार. झूम ३०० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर एकेक पीस काढण्याचा मोह होतो आणि लांबून बघितलं की सगळी गिचमिड.

चोचीकडे नीट बघा. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, लहान रोहिताची सगळीच गडद. इथे चूक झाली तर पक्षी ओळखणारा माणूस चित्र लगेच बाजूला ठेवतो. पायाच्या मधोमध जो सांधा मागे दुमडतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो, म्हणून तो सांधा पुढे वळवू नका.

रंग भरताना एकाशेजारी एक तुकडे जोडायचे नाहीत. आधी अख्खं अंग एका गुलाबीत, त्यावर सावलीचा आकार, त्यावर पंखाची गडद पट्टी, असे थर चढवा. कडेला कड भिडवली की स्क्रीन दोन्ही कडा थोड्या पारदर्शक करून मऊ करते आणि मधून केसाएवढी पांढरी फट डोकावते. सगळ्याच्या खाली एक काळा चौकोन ठेवून पाहा, राहिलेल्या फटी लगेच सापडतील. सावल्या किती घ्यायच्या कळत नसेल तर फोटोची एक प्रत गिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये उघडून रंगछटा कमी करणारं 'पोस्टराइझ' ४ वर ठेवा. जे आकार उरतील तेवढेच काढा. कडा धूसर करणारा ब्लर वापरू नका. छपाईच्या दुकानातल्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये तो नीट उघडेलच याचा भरवसा नाही आणि प्लॉटरला तो उपयोगाचा नाही.

छपाईला देताना मूळ एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) स्वतःकडे ठेवा आणि पीडीएफ द्या. खाली मराठी अक्षरं असतील तर आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून अक्षरांचे आकार बनवा, नाहीतर दुकानाच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. स्क्रीनवरचा झगझगीत गुलाबी छापील शाईत हमखास मळका होतो, म्हणून मोठ्या प्रतीआधी हातभर तुकडा छापून बघा.

रेडियमसाठी थर चालत नाहीत. एका रंगाचे आकार 'युनियन'ने एक करा, खालच्या रंगातून वरचे आकार 'डिफरन्स'ने वजा करा. पाय रेषेने काढले असतील तर 'स्ट्रोक टू पाथ' करून रेषेचा आकार बनवा, कारण प्लॉटर रेषेची जाडी बघत नाही, तिच्या मधोमध एकच काप देऊन मोकळा होतो. आणि शेवटच्या मापात पाय निदान दीड मिलिमीटर रुंद ठेवा. त्याहून बारीक असले की आजूबाजूचं रेडियम सोलताना तेही सोबत उखडून येतात.