मंत्रिपद गेलं, क्रूस आला

स्पेनमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला एक खोड हमखास लागते, सरकारी राजपत्र वाचायची. इथे त्याला सगळे 'बोए' म्हणतात. ते ऑनलाइन फुकट मिळतं आणि निवास परवान्याचा नियम बदलला की आधी तिथेच छापून येतो. मंत्रिमंडळात फेरबदल झाल्यानंतर मी असंच ते चाळत होतो, तर पायउतार झालेल्या मंत्र्यांची नावं ओळीनं दिसली. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा हुकूम, पण मजकूर शब्दन् शब्द तोच: कार्लोस तिसऱ्याच्या 'ऑर्डर'चा, म्हणजे त्या राजाच्या नावानं चालणाऱ्या सन्मानितांच्या मंडळाचा, 'ग्रान क्रूस', म्हणजे महाक्रूस, बहाल.

हा इथला सर्वोच्च नागरी सन्मान. मंत्रिपद गेलं की तो द्यायचा, अशी प्रथाच आहे. काम चांगलं केलं की वाईट, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे माजी मंत्र्याचा फार तर बंगला सुटत नाही. इथे बंगला सोडतात आणि छातीवर तारा लावून जातात.

माझं डोकं फिरलं, ते या ऑर्डरचं ब्रीदवाक्य वाचल्यावर. 'विर्तुती एत मेरितो': सद्गुणाला आणि गुणवत्तेला!

मग मुळापासून वाचायला घेतलं. राजा कार्लोस तिसऱ्यानं १९ सप्टेंबर १७७१ ला ही ऑर्डर काढली, ती नातू झाल्याच्या आनंदात. युवराजाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि गादीला वारस नव्हता. तो नातू बिचारा १७७४ मध्येच गेला, ऑर्डर मात्र अडीचशे वर्षं टिकली. सुरुवातीला ६० महाक्रूसवाले आणि २०० पेन्शनवाले, त्यांना वर्षाला ४,००० रेआल, म्हणजे तेव्हाची नाणी. पण आत शिरायचं तर घराणं उच्चकुलीन असल्याचे आणि रक्त 'शुद्ध' असल्याचे, म्हणजे पूर्वजांत कुणी ज्यू किंवा मुसलमान नसल्याचे, पुरावे द्यावे लागत. ब्रीद गुणवत्तेचं आणि अर्जाला जोडायची वंशावळ! गंमत अशी की याच राजानं १७८३ मध्ये फर्मान काढून सांगितलं की चांभार, लोहार, सुतार, शिंपी यांचे धंदे प्रतिष्ठेचेच आहेत, त्यांनी माणूस हलका ठरत नाही. इथल्या मित्रांना यावर दोन शब्द सुनवावेत असं फार वाटतं, पण जातीच्या दाखल्यांच्या देशातून आलेल्यानं किती तोंड उघडायचं, हेही कळतं.

बायकांना तेव्हा प्रवेशच नव्हता. राणी मारिया लुइसानं १७९२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळीच ऑर्डर काढली.

चिन्ह मात्र देखणं आहे, ते मान्य करायलाच हवं. सोन्याचा आठ टोकांचा क्रूस, त्यावर निळी मिनाकारी, कोपऱ्यांत लिलीची फुलं, मध्ये निष्कलंक मेरीची प्रतिमा. मागच्या बाजूला राजाची मुद्रा. खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा आकाशी-पांढरा पट्टा. हे रंगही मेरीचेच. माद्रिदला आलात तर प्रादो संग्रहालयात गोया या चित्रकारानं काढलेलं चौथ्या कार्लोसच्या, म्हणजे त्याच युवराजाच्या, कुटुंबाचं चित्र बघा, त्यात हा पट्टा दिसतो. त्याहून मला आवडतं ते गोयाचंच तिसऱ्या कार्लोसचं शिकारीच्या वेषातलं चित्र. हातात बंदूक, तोंडावर सुरकुत्या, कोटाखालून डोकावणारे पट्टे आणि पायाशी झोपलेला कुत्रा. कुत्र्याच्या गळपट्ट्यावरसुद्धा 'आमचे स्वामी महाराज' अशा अर्थाची अक्षरं आहेत.

मधल्या काळात नेपोलियनचा भाऊ जोसेफ इथे राजा होऊन बसला. त्यानं ही ऑर्डर बंद केली आणि स्वतःची नवी काढली. तिच्या गडद लालसर ताऱ्यावरून माद्रिदकरांनी तिला 'वांगं' म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी ती मिरवली असेल त्यांची काय फजिती झाली असेल! १८१४ ला जुनी ऑर्डर परतली, १९३१ ला प्रजासत्ताकानं ती पुन्हा मोडीत काढली, १९४२ ला फ्रँकोनं परत आणली. आज तिची प्रमुखी राजाकडे आहे.

पण मला खरी चीड आहे ती उपाध्यांची. महाक्रूस मिळाला की माणूस 'एक्सेलेंतिसिमो सेन्योर' होतो, आपल्या भाषेत महामहीम. त्याच्या खालच्या पायरीवरचा 'इलुस्त्रिसिमो'. आता गंमत बघा. २००५ साली सरकारनं सुशासनाची संहिता काढून ठरवलं की मंत्र्यांना नुसतं 'सेन्योर' म्हणायचं, बाकी लवाजमा नको. छान! म्हणजे खुर्चीत आहे तोवर श्रीयुत आणि खुर्ची गेली की महामहीम. हे मी ऑफिसात बोललो तर सगळे हसले आणि पुन्हा कॉफीकडे वळले. इथे याचा कुणालाही राग येत नाही, यानंच मला जास्त राग येतो.

आपण या बाबतीत बरे, असं मी ठासून सांगतो. घटनेचं कलम १८ पदव्याच देऊ देत नाही. १९५४ ला भारतरत्न आणि पद्म पुरस्कार आले, पण १९७७ मध्ये जनता सरकारनं ते बंदही करून टाकले, १९८० ला परत सुरू झाले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की हे पुरस्कार आहेत, नावाच्या मागेपुढे लावायच्या पदव्या नव्हेत. आता लग्नपत्रिकेत 'पद्मश्री' छापतात, चौकातल्या फ्लेक्सवर छापतात, तो भाग निराळा. निदान कायद्यानं तरी आपण कुणाला महामहीम केलेलं नाही. (राज्यपालांचा विषय कृपया काढू नका.)

तरी एक गोष्ट इथली खरंच भावली. कार्लोसच्या खालोखाल इतरही ऑर्डर आहेत. त्यातली 'मेरितो सिव्हिल', नागरी गुणवत्तेची, तेराव्या अल्फोन्सोनं १९२६ ला सुरू केलेली. सध्याच्या राजानं, सहाव्या फेलिपेनं, २०१५ मध्ये राज्यारोहणाच्या पहिल्या वाढदिवशी ती राजवाड्यात बोलावून ३८ साध्या नागरिकांना दिली. आणि २०१७ मध्ये लंडन ब्रिजवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला, तेव्हा हातातला स्केटबोर्ड घेऊन त्यांच्या अंगावर धावून गेलेला, त्यात प्राण गमावलेला इग्नासियो एचेव्हेरिया. त्याला मरणोत्तर याच ऑर्डरचा महाक्रूस मिळाला. तिथे मात्र 'एक्सेलेंतिसिमो' हा शब्द मला खुपत नाही.

ऑफिसातली एक सहकारी, भारतात काम केलेले स्पॅनिश समाजसेवक व्हिसेंते फेरेर यांच्या संस्थेमार्फत, आंध्रातल्या अनंतपूरच्या एका मुलीच्या शिक्षणासाठी दर महिन्याला पैसे पाठवते. इथे हे नाव घरोघरी माहीत आहे, १९९८ मध्ये त्यांना प्रिन्स ऑफ आस्तुरियास हा इथला मानाचा पुरस्कार मिळाला होता. मी तिला अभिमानानं सांगितलं की त्यांचं काम आमच्या महाराष्ट्रात सुरू झालं, मनमाडला, शेतकऱ्यांच्या विहिरी खोदण्यापासून. तिला ते नवीनच होतं. १९६८ मध्ये त्यांना देश सोडायचा हुकूम निघाला, त्याविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईवर गेला, तरी त्यांना जावं लागलं आणि परत आल्यावर त्यांनी आंध्रात बस्तान बसवलं, हे मी सांगितलं नाही. तिनं विचारलं नव्हतं. शिवाय तिच्या माजी मंत्र्यांवर माझं बोलून अजून पुरतं झालं नव्हतं.