भोपळ्यातले भाडेकरू

मार्चमधली सकाळ. मागच्या अंगणातल्या खांबावरचा सातव्या नंबरचा भोपळा मी कप्पीने खाली उतरवला होता आणि आतलं गवत, पिसं, कुठल्याशा टी-बॅगचा दोरा असं सगळं मुठीने बाहेर ओढत होते. आई दारात उभी.

"काय काढतेयस?"

"चिमणीचं घरटं."

ती काही बोलली नाही. दुपारी पानावर बसल्यावर मात्र म्हणाली, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा करत तुला भरवलं. चांगलं फेडलंस."

आता यावर काय बोलणार? मिरजेच्या घरी फोटोच्या चौकटीमागे चिमण्या घरटं करायच्या. पिल्लं उडून जाईपर्यंत त्या खोलीतला पंखा लावायची आम्हाला बंदी, मग मे महिना असो नाहीतर काही असो. आता तर तिकडे २० मार्चला चिमणी दिवस करतात, लोक पैसे देऊन लाकडी घरटी आणतात. आणि मी इथे ऑस्टिनच्या उत्तरेला, टेक्सासमध्ये, तिचा संसार कचऱ्याच्या पिशवीत भरत होते.

हे सगळं पर्पल मार्टिनपायी. आपल्या पाकोळ्या-भिंगऱ्यांच्या गोतातला हा पक्षी, पण अंगाने दांडगा, साळुंकीहून जरासा लहान. नर नावापुरता जांभळा. सावलीत बघाल तर चक्क काळा. पाठीवर ऊन पडलं की मात्र धूपछाँव लुगड्यासारखा निळा-जांभळा झळकतो. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढायचा आणि विणीला इकडे यायचं, हा त्याचा शिरस्ता. यंदा आई आणि पहिला मार्टिन एकाच आठवड्यात आले, जानेवारीच्या अखेरीस. आई मिरजेहून, तो ब्राझीलकडून. दोघांचाही मुक्काम साधारण सहा महिन्यांचा.

मला या नादाला लावलं शेजारच्या आजोबांनी. वय ८० च्या पुढे, आणि स्वतःला मार्टिनांचे 'लँडलॉर्ड' म्हणवतात. हा त्यांचा विनोद नाही, इथे खरंच हाच शब्द चालतो. रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेला हे पक्षी आता झाडाच्या ढोलीत जवळपास राहतच नाहीत, माणसाने टांगलेल्या घरातच राहतात. चोक्टॉ आणि चिकसॉ हे इथले मूळचे लोक वाळवून पोकळ केलेले भोपळे खांबांना टांगत, तेव्हापासूनचा हा घरोबा. भोपळा तरी कुठला? आपल्या दुध्याचाच जातभाई, ज्याचा मिरजेत तंबोरा होतो. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे असतात, माझेही बाराच्या बारा प्लास्टिकचेच. आजोबांकडे मात्र दोन खरे आहेत. आईने त्यातल्या एकावर टिचकी मारली, कान लावला आणि मला म्हणाली, "साल पातळ आहे. सांग त्यांना, तंबोऱ्याला चालेल."

पहिल्या वर्षी एकही भाडेकरू फिरकला नाही. खांब मोकळ्यावर हवा, झाडांपासून निदान ४० फूट लांब, पण माणसांच्या वावरापासून फार दूरही नको. मी तो हौसेने पेकानच्या झाडाखाली रोवला होता! दुसऱ्या वर्षी जागा बदलली, तेव्हा एक वर्षाचा एक नर आला, छातीवर काळे डाग पडू लागलेला. सगळा मे महिना पहाटे अंधारात गात राहिला. बायको काही मिळाली नाही. यंदा पाच जोड्या.

आता चिमणीचं. ती इथली नव्हेच. १८५० च्या सुमारास तिला युरोपातून आणून ब्रुकलिनमध्ये सोडलं. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्टारलिंग सोडले, म्हणजे आपल्या भोरड्यांचे भाऊबंद. दोघांनाही ढोलीच लागते, आणि ती मिळवायला दोघेही मार्टिनची अंडी फोडतात, पिल्लं मारतात. स्टारलिंगवर तोड निघाली आहे. भोपळ्याचं दार अर्ध्या चंद्राच्या आकाराचं केलं की मार्टिन पोट घासत आत जातो, स्टारलिंग अडतो. चिमणी मात्र कशातूनही जाते. मार्टिनला स्थलांतरित पक्ष्यांसाठीच्या १९१८ च्या अमेरिकी कायद्याचं संरक्षण आहे, चिमणीला नाही. काही लँडलॉर्ड तिला सापळ्यात धरून मारतात. माझ्याने ते होत नाही. मी घरटं काढते, चिमणा चार दिवसांत पुन्हा काड्या आणतो. दोघंही हट्टी.

मार्टिन रोज दोन हजार डास खातो, असं इथे अनेकांनी ऐकलेलं असतं. थाप आहे. हे दिवसा उंचावर शिकार करतात, डास संध्याकाळी आपल्या पायाशी. आमच्याकडे पिल्लांसाठी येतात ते चतुर. चोचीच्या दोन्ही बाजूंनी पारदर्शक पंख बाहेर, आणि तो अख्खा चतुर पिल्लाच्या घशात कोंबायचा. पिल्लू क्षणभर मिशा लावल्यासारखं दिसतं.

एप्रिलमध्ये आईला पहिल्यांदा आत डोकवायला दिलं. बाजूचं गोल झाकण फिरवून उघडलं. हिरवी पानं अंथरलेली, काही ताजी, काही सुकत आलेली, आणि त्यावर पाच पांढरीशुभ्र अंडी. ठिपका म्हणून नाही. आईने आपोआप पदर नाकावर धरला, श्वास लागू नये म्हणून.

अंड्यांना चुना लागतो, म्हणून कोंबडीच्या अंड्यांची टरफलं ओव्हनमध्ये भाजून, चुरून मादीसाठी ठेवायची असतात. आई माळकरी. तीन दिवस तिने त्या ओव्हनमधलं काही खाल्लं नाही. पुढे पाखरं ती टिपताना बघितली, तेव्हा टरफलं चुरायला एक जुनं लाटणं स्वतःच वेगळं काढून दिलं.

आजोबांनी २०२१ च्या फेब्रुवारीतलं सांगितलं. टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, हवेत किडा उरला नाही, लवकर आलेले मार्टिन उपाशी मेले. ते हातमोजे घालून अंगणात उभे राहून मेलेले रातकिडे आणि अंडाभुर्जीचे तुकडे चमच्याने हवेत उडवत होते. काही पक्ष्यांना झेलायचं कळलं. "त्यातले दोन वाचले," एवढं बोलून ते कॉफी आणायला आत गेले.

जुलैत परत निघण्याआधी मार्टिन हजारो-लाखोंनी एकत्र झोपायला येतात. पहाटे उठतात तेव्हा हवामानखात्याच्या रडारवर गोल कडं पसरत गेलेलं दिसतं. ऑस्टिनमध्ये त्यांनी कित्येक वर्षं एका मॉलच्या पार्किंगमधली झाडं पसंत केली होती. आम्ही आईला असाच एक थवा दाखवायला नेलं. लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, आभाळ निरभ्र, तरी काहींच्या डोक्यावर छत्र्या. कारण पाच मिनिटांत कळलं. आईने माझ्या ओढणीखाली डोकं घातलं, पण डोळे उघडे ठेवून.

चार दिवसांनी तिचं विमान होतं.

ऑगस्टमध्ये भोपळे धुवून गॅरेजमध्ये ठेवायला उतरवले. सातव्या नंबरात गवत, पिसं आणि चार ठिपकेदार अंडी. बाकीचे अकरा धुतले. तो एक परत वर चढवला. आजोबांना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असणारच. अजून काही बोललेले नाहीत.