चालत नाही, तरी ती बोटच का? तुम्ही विचारलेत म्हणून

सॅक्रामेंटोला आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी आग्रहाने ‘डेल्टा किंग’ ही आगबोट दाखवायला नेतो आणि ती कायमची धक्क्याला बांधलेली आहे, तिच्यावर आता हॉटेल चालते, हे कळल्यावर बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : ‘जी बोट चालतच नाही, ती जतन केली असे कसे म्हणायचे?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे पडते, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

‘डेल्टा किंग’ आणि ‘डेल्टा क्वीन’ या जुळ्या बोटी. त्यांच्या तळाचे पोलाद स्कॉटलंडमध्ये घडवले गेले, ते सुटे भाग कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे आणून जोडले गेले आणि त्यावर लाकडी मजले चढवून 1927 साली दोन्ही बोटी सॅक्रामेंटो नदीत उतरल्या. लांबी 285 फूट, मागच्या बाजूला वाफेवर फिरणारे प्रचंड चाक. संध्याकाळी एक बोट सॅन फ्रान्सिस्कोहून निघे, दुसरी सॅक्रामेंटोहून, आणि दोन्ही पहाटे एकमेकींच्या गावी पोहोचत. प्रवासी बोटीवर जेवत, गाणे-बजावणे ऐकत आणि आपापल्या खोलीत झोपी जात. माझ्या उत्तराचा सगळा भार या तपशिलावर आहे. जुन्या गिरणीत किंवा तुरुंगात हॉटेल काढले की त्या वास्तूला परका वेश चढवल्यासारखे होते. या बोटीवर मात्र रात्रीचा मुक्काम पहिल्या दिवसापासून होता. तो हॉटेलाने चालू ठेवला, आणि प्रवास थांबला.

आणि प्रवास हॉटेलामुळे थांबलेला नाही. रस्ते आणि पूल झाले, मोटारी वाढल्या आणि 1940 साली ही सेवा बंद पडली. युद्धकाळात दोन्ही बोटी नौदलाकडे होत्या. पुढे ‘किंग’ला कॅनडातील किटिमॅट येथे नेऊन अॅल्युमिनियम कारखान्याच्या उभारणीवरील कामगारांचे वसतिगृह केले गेले आणि तिच्या यंत्रांचे भाग ‘क्वीन’साठी सुटे भाग म्हणून गेले. 1981 साली ती सॅन फ्रान्सिस्को उपसागरात रिचमंडजवळ बुडाली आणि सुमारे दीड वर्ष अर्धीअधिक पाण्याखाली राहिली. तिला वर काढून 1984 साली सॅक्रामेंटोला आणले गेले आणि पाच वर्षांच्या कामानंतर, 1989 मध्ये, ती हॉटेल म्हणून उघडली. तेव्हा ‘हॉटेल की प्रवास’ अशी निवड कोणापुढे नव्हती. यंत्र आधीच गेले होते. पुढे भंगारवाल्याचे अंगण दिसत होते.

‘क्वीन’ची कथा याच्या उलट आहे आणि मला ती अधिक अस्वस्थ करते. तिचे बाष्पयंत्र शाबूत राहिले. पनामा कालव्यातून तिला पूर्वेकडे नेले गेले आणि ओहायो व मिसिसिपी या नद्यांवर तिने अनेक दशके प्रवासी वाहिले. पण 1965 साली ‘यार्मथ कॅसल’ हे प्रवासी जहाज भर समुद्रात पेटून सुमारे नव्वद माणसे गेली, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने लाकडी मजल्यांच्या बोटींवर पन्नास किंवा अधिक प्रवाशांच्या रात्रीच्या प्रवासाला मनाई झाली. ‘क्वीन’ किनाऱ्यापासून कधीच दूर जात नाही, या कारणाने अमेरिकी संसद तिला वारंवार सूट देत राहिली. 2008 साली ती सूट संपली. मग तिचेही चॅटनूगा येथे तरंगते हॉटेल झाले, पण ते 2014 पर्यंतच टिकले. त्यानंतर ती लुइझियानात नेऊन ठेवली गेली. 2018 साली संसदेने पुन्हा सूट दिली, तरी केवळ सूट मिळाल्याने चाक फिरू लागत नाही. त्याआधी दुरुस्तीला फार मोठा पैसा लागतो.

लाकडी बोटीला खरी भीती नदीच्या पाण्याइतकीच पावसाच्या पाण्याची असते. वरून झिरपलेले गोडे पाणी सांध्यांत साचते, बंद खोल्यांत बुरशी धरते आणि लाकूड आतून कुजते. माणसांची रोजची वर्दळ असली तर खिडक्या उघडल्या जातात, गळती त्याच दिवशी लक्षात येते, सुताराला आणि रंगाऱ्याला वर्षभर काम राहते, आणि त्यांचे पैसे खोलीच्या भाड्यातून निघतात. म्हणूनच मी ‘किंग’वरच्या चव्वेचाळीस खोल्यांकडे जतनाचे साधन म्हणून पाहतो.

याची किंमत पडते, हे मी लपवत नाही. मुळात खोल्या लहान होत्या. आजच्या पाहुण्याला स्वतंत्र न्हाणीघर हवे, म्हणून आतली मांडणी बदलली गेली आहे. दीड वर्ष बुडालेल्या बोटीचे पुष्कळ लाकूड नवे घालावे लागले, त्यामुळे ज्या कठड्यावर आपण हात ठेवतो तो 1927 चाच असेल असे नाही. जुने कोणते आणि नवे कोणते, हे अशा प्रत्येक बोटीवर पाहुण्याला जागोजागी स्पष्ट सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ते लपवले तर जतन उरत नाही, सजावट उरते.

कोकणातून मुंबईला आगबोटीने आलेल्या पिढीची मंडळी ‘किंग’च्या डेकवर आली की बराच वेळ बोलत राहतात. त्यांच्या त्या बोटींपैकी एखादीच्या केबिनमध्ये आज रात्र काढावी म्हटले, तर तशी सोय माझ्या माहितीत कोठेही नाही. ‘हे नुसते हॉटेल आहे’ असे कोणी म्हणाले की मला त्यांची आठवण होते.

वाफेवर चालणारी बोटच पाहायची असेल, तर केंटकीतील लुईव्हिलला जावे. तेथे 1914 साली बांधलेली ‘बेल ऑफ लुईव्हिल’ अजून ओहायो नदीवर फेऱ्या मारते. ती रात्रीचा मुक्काम देत नाही, म्हणून तो कायदा तिच्या वाटेत येत नाही.